लील, इगतपुरी, माहूर

महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपची चावी एका दमात फिरवायची नसते. अर्ध्यावर आणून थांबायचं. डॅशबोर्डवर छोट्या जाळीमागे एक तार असते. ती आधी काळीच राहते, मग तपकिरी होते, मग लालबुंद. थंडीच्या दिवसांत पैनगंगेकडचं धुकं अजून विरलेलं नसताना माहूरच्या स्टँडवरचे ड्रायव्हर त्या तारेवर डोळा ठेवून बिडीचे दोन झुरके मारून घेत. "हीटर बसू दे" असं म्हणत. तार लाल झाली की चावी पुढे सरकवायची. स्टार्टर कण्हायचा, मागून पांढऱ्या धुराचा लोट यायचा आणि इंजिन आधी अडखळत, मग एकसारखं टकटकायला लागायचं. तोवर क्लीनरनं "वाई बाजार, सारखणी, किनवट!" अशी हाळी देत गाडी निम्मी भरलेली असायची. निम्मी म्हणजे नऊ-दहा शिटं. पूर्ण किती ते फक्त काळी-पिवळीच्या ड्रायव्हरला ठाऊक, आणि आरटीओला ते विचारायचं नाही असा रिवाज होता.

लाल व्हायला वेळ घेणारी ही तार म्हणजे फ्रान्सची खूण. स्टँडवर दोन जातींच्या जीपा उभ्या असत. एकीत ट्रॅक्टरच्या घराण्यातलं 'डीआय' इंजिन. त्याला हीटरचे लाड नसत, डिझेल कमी पिई, पण बसल्या बसल्या दात वाजवी. दुसरीत 'पुजो' इंजिन. चालायला मऊ, आवाजाला बरं, पण सकाळी मनधरणी मागणारं. पुजो म्हणजे प्युजो. इंजिनाचं पूर्ण नाव एक्सडीपी 4.90. ह्या आकड्यांत काही गूढ नाही: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. पिस्टनची फेरी 83 मिलिमीटरची, म्हणजे सगळं मिळून 2112 सीसी. फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेजवळ लील नावाचं गिरण्यांचं शहर आहे. तिथल्या एका मोटर कंपनीतून पुढे प्युजोच्या मालकीची 'इंदेनोर' उभी राहिली, आणि ह्या डिझेल इंजिनांचं घराणं तिचं. महिंद्रानं 1979 मध्ये ह्या इंजिनाचा परवाना घेतला आणि इगतपुरीच्या कारखान्यात ते बनू लागलं. सांगाडा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलिसचा, काळीज लीलचं, बांधणी नाशिक जिल्ह्यातली आणि चालक कुठल्या तरी तांड्यावरचा बंजारा पोरगा. असं हे वाहन कोंबड्यांची खुराडी, तुरीची पोती आणि नवसाला निघालेली आख्खी कुटुंबं घेऊन किनवटच्या सागवानी जंगलातून धावत होतं.

हे सगळं आत्ता उकरायचं कारण म्हणजे लीलच्या ह्याच घराण्यातली, थोडी लहान, इंजिनं फ्रान्समध्ये एका मालवाहू गाडीत बसली होती. आज ती गाडी युरोपातले हौशी लोक जिवापाड जपतात. तिचं नाव सिट्रोएन एच. नुसतं एच, कारखान्यानं बारसं करायचेही कष्ट घेतले नाहीत.

फोटो पाहिला की पहिल्यांदा हसू येतं. आपल्याकडे धान्याची नालीदार पत्र्याची कोठी असते. तिला चाकं लावून पुढे डुकराचं नाक बसवलं तर जे होईल ते म्हणजे एच. फ्रेंच लोकही तिला लाडानं डुकराच्याच नाकाची म्हणतात, त्यामुळे इथं माझ्या पदरचं काही नाही. पण त्या नाल्यांमागे हिशेब आहे. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पोलादाची टंचाई, जाड पत्रा परवडेना. पातळ पत्र्याला नाल्या पाडल्या की तो ताठ उभा राहतो. जर्मनीच्या युंकर्स विमानांचा पत्रा असाच होता, तिथून ही युक्ती आली. काचाही सपाट घेतल्या, कारण वाकवलेली काच महाग. सुंदर दिसावी म्हणून ह्या गाडीत एकही रेघ ओढलेली नाही. आज जो तो तिच्या सौंदर्यावर लुब्ध आहे, ते सौंदर्य टंचाईच्या पोटी आलेलं आहे.

पत्र्याखालचं काम मात्र टंचाईचं नव्हतं. सिट्रोएननं 1934 साली 'त्राक्सिओं आवां' ही मोटर काढली होती, तिच्यात इंजिनाची गती पुढच्या चाकांना होती. कंपनीचे प्रमुख प्येर बुलांजे ह्यांनी तीच रचना मालगाडीत आणायचं ठरवलं. ह्यात काय साधलं ते आपल्याकडच्या हमालाला एका क्षणात कळेल. नेहमीच्या मालगाडीत पुढचं इंजिन मागची चाकं फिरवतं, म्हणून मजल्याखालून लांबलचक शाफ्ट जातो, आणि त्याच्यासाठी मजला उंच उचलावा लागतो. पोतं खांद्यावरून वर फेकावं लागतं. एचमध्ये इंजिन, गिअर आणि गती देणारी चाकं ही सगळी मंडळी पुढच्या नाकाडात कोंबली. मागे उरला फक्त मजला, सपाट आणि जमिनीपासून गुडघ्याच्याही खाली. पोतं उचलायचं नाही, सरकवायचं. आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहू शकतो. बाजूला सरकतं दार, म्हणजे अरुंद गल्लीतही माल उतरतो. मागचं दार तीन तुकड्यांत: वरचं छपरासारखं वर, खालची दोन आजूबाजूला. वरचं दार उघडून ठेवलं की दुकानावर पडवी तयार.

आणि ती दुकानच झाली. 1947 च्या पॅरिसच्या मोटर प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली, 1981 च्या अखेरीला शेवटची निघाली, आणि मधल्या 34 वर्षांत फ्रान्स-बेल्जियमच्या कारखान्यांतून 4 लाख 73 हजारांवर गाड्या बाहेर पडल्या. खाटीक, बेकरीवाला, किराणावाला आपापली एच घेऊन खेडोपाडी फिरायचे. ज्या गावात दुकान नाही त्या गावात ठरल्या वारी भोंगा वाजायचा आणि बायका पिशव्या घेऊन बाहेर यायच्या. पोलिसांनी हीच गाडी आरोपी कोंबायला वापरली, दवाखान्यांनी रुग्ण न्यायला. साठच्या दशकात तिला डिझेल इंजिनंही मिळाली. आधी इंग्लंडच्या पर्किन्सचं, मागाहून इंदेनोरचं. म्हणजे नॉर्मंडीतल्या एखाद्या खेड्यात पाव विकणाऱ्याची गाडी आणि वाई बाजारला प्रवासी नेणारी जीप ह्यांच्या इंजिनांची भावकी एकच. सिट्रोएन आणि प्युजो तेव्हा बाजारातले प्रतिस्पर्धी. सत्तरच्या दशकात प्युजोनं सिट्रोएनलाच पोटात घेतलं.

कारखाना बंद झाला तेव्हा ह्या गाडीसाठी कुणी डोळे पुसले नाहीत. शेताच्या कडेला, निम्मी मातीत रुतलेली, आत कोंबड्या पाळलेली एच ही तेव्हाच्या फ्रान्समधली साधी गोष्ट होती. हौशी मंडळी तिच्याकडे वळली ती नंतर. त्या काळी तरुण असलेल्यांच्या हाती पैसा आला, आणि नव्या गाड्यांचं बॉनेट उघडल्यावर प्लास्टिकच्या झाकणाखेरीज काही दिसेनासं झालं.

हौस नेमकी कशाची, हे ह्या लोकांच्या गप्पांवरून समजतं. ते वेगाबद्दल बोलत नाहीत. बोलण्यासारखं नाहीच काही. गिअर पुढचे तीनच, अगदी शेवटच्या गाडीपर्यंत तीन. ताशी 80 गाठले की कानात बोटं घालावी लागतात. ते बोलतात समोरच्या काचेबद्दल. 1964 पर्यंत ती दोन तुकड्यांत होती, पुढे एकसंध झाली. मग दोन तुकड्यांची गाडी ज्याच्याकडे आहे तो मान जरा ताठ ठेवतो. मागच्या चाकावरचा कमानदार कापलेला पत्रा 1969 पासून चौकोनी झाला, ह्यावर वाद घालतात. इंजिन-गिअरचा आख्खा गठ्ठा पुढून ओढून बाहेर काढता येतो, आणि दोन मित्र, एक साखळी-पुली आणि रविवारची सकाळ एवढ्या सामग्रीत काम होतं, ह्याचं त्यांना अप्रूप. ज्याला दिवसभर संगणकासमोर बसून कशाचाही शेवट दिसत नाही, त्याला संध्याकाळी हातात काळं ग्रीस आणि कानात चालू झालेलं इंजिन हवं असतं. ह्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच की आपल्याकडे हे काम करणाऱ्या पोराला आपण 'शिकला नाही म्हणून गॅरेजात लागला' म्हणतो.

सरकारचाही हात आहे. फ्रान्समध्ये गाडी 30 वर्षांची झाली, तिचं उत्पादन थांबलेलं असलं आणि ती मूळ रूपात असली की तिला संग्राहकाचं वेगळं नोंदणीपत्र मिळतं, तपासणीच्या फेऱ्या कमी होतात. त्यात मालगाडी-प्रवासी गाडी असा सोवळं-ओवळं प्रकार नाही. खाटकाची एचही संग्राह्य ठरते.

पुढे बाजार आला. आज लंडन-पॅरिसच्या चौकांत कॉफी आणि बर्गर विकणाऱ्या चकचकीत एच उभ्या असतात. ज्या पडवीखाली कधीकाळी मटणाच्या तंगड्या लटकत तिथं आता फेसाळ कॉफी. मागणी इतकी की इटलीत कासेलानी नावाच्या कारागिरानं 2017 साली, गाडीच्या सत्तरीच्या निमित्तानं, वेगळाच उद्योग काढला: सिट्रोएनची आजची नवी व्हॅन घ्यायची आणि तिच्यावर जुन्या एचसारखं नालीदार कवच चढवायचं. कवच पत्र्याचंही नाही. पातळ पत्रा ताठ राहावा म्हणून पाडलेल्या नाल्या आता ज्याला पत्र्याचं कामच नाही अशा अंगावर शोभेला आल्या. मला हा प्रकार चकव्याचा वाटतो. पण कुणाचा गिऱ्हाईकवर्ग वाढत असेल तर आपण कोण बोलणार.

एचची धाकटी बहीण म्हणजे टू-सीव्हीची व्हॅन. टू-सीव्ही ही मोटर बुलांजेंनी शेतकऱ्यासाठी मागवली होती. नांगरटीतून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये, ही तिची प्रसिद्ध अट. 1951 पासून तिच्या पाठीवर पेटीसारखी खोली चढवून व्हॅन निघाली: 375 सीसी, वजन न्यायची ताकद 250 किलो. आपल्याकडे 2005 मध्ये पुण्याच्या टाटांनी दोन सिलिंडरांचा 'एस' काढला, ज्याला सगळा मराठवाडा छोटा हत्ती म्हणतो. त्याच्या निम्म्याहून जरासंच मोठं इंजिन आणि एक तृतीयांश ओझं, असा हिशेब धरा. तिच्या इंजिनाला पाणीच लागत नाही, हवेवर थंड होतं; म्हणून ती वाळवंटात चालली. 1970 च्या ऑगस्टमध्ये सिट्रोएननं पॅरिस ते काबूल आणि परत असा साडेसोळा हजार किलोमीटरचा फेरा काढला. पाचशेच्या जवळपास गाड्या, तेराशे तरुण. त्याच काळात युरोपातली पोरंपोरी हाती लागेल त्या व्हॅनमधून काबूल-लाहोरमार्गे थेट गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत होती. त्यातल्या कुणाला माहूरचा रस्ता सापडला असेल असं वाटत नाही. तेव्हा तो आम्हालाही धड सापडत नव्हता.

आता घरचं बघू. एचची खरी जुळी बहीण शोधायची तर जीप सोडून मॅटाडोरकडे जावं लागेल.

नगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया ह्यांनी 1958 साली बजाज टेम्पो सुरू केली, ती हॅम्बर्गजवळच्या हारबुर्गमधल्या 'टेम्पो' कारखान्याशी करार करून. पहिलं वाहन तीन चाकी हान्सेआट. पुढे एकच चाक, त्याच्यावरच इंजिन, आणि मागे हौदा. मुंबईत गोरेगावला सुरुवात झाली, पुढे पुण्याजवळ आकुर्डीत कारखाना आला. त्या जर्मन कंपनीचीच चार चाकी मॅटाडोर इथं साठच्या दशकाच्या अखेरीला उतरली. मॅटाडोरच्या जन्मकथेतली एक गंमत इंजिन-वेड्यांना आवडेल. जर्मनीत तिची पहिली आवृत्ती 1949 ची, आणि तिच्यात फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटरचं इंजिन होतं. बीटलचं इंजिन मागे असे. टेम्पोवाल्यांनी ते पुढे आणून पुढच्याच चाकांना जोडलं. कारण तेच, एचचं: मागे सपाट, खुजा मजला हवा. फ्रान्समध्ये बुलांजे आणि हारबुर्गमध्ये टेम्पोचे फिडाल बाप-लेक, दोघं एकाच उत्तराला पोचले.

आमच्याकडे मॅटाडोरनं काय नाही वाहिलं? लग्नाचं वऱ्हाड, दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पोळ्याला बैलांचा साज, निवडणुकीचे भोंगे. पुढे तिच्यात मर्सिडीजचं ओएम 616 हे 2.4 लिटरचं डिझेल इंजिन बसलं, आणि बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्समध्येही. ट्रॅक्स म्हणजे महिंद्राच्या कमांडर जीपची कट्टर सवत. नव्वदीत माहूर-किनवट रस्त्यावर दोघी एकाच शिटासाठी भांडत. एकीत मर्सिडीजचं इंजिन, दुसरीत प्युजोचं. आणि आत कोंबलेला माणूस म्हणत असे, ह्या खटाऱ्यापेक्षा चालत गेलो असतो तर बरं.

पण एचचं जे झालं ते मॅटाडोरचं झालं नाही. मोटरींचं प्रदर्शन मुंबईत भरो की पुण्यात, तिथं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस असतात, बुइक-शेव्हरले असतात, हल्ली फियाट आणि लॅम्ब्रेटाही मानानं उभ्या राहतात. मॅटाडोर नसते. पैसा नाही, जागा नाही, ही कारणं लोक सांगतात आणि ती खोटी नाहीत. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. हौसेच्या गाडीला आधी कामातून निवृत्त व्हावं लागतं. फ्रान्समध्ये एच शेताच्या कडेला मरून पडली म्हणून पुढे कुणाला ती सापडली. आमच्याकडे गाडी मरतच नाही. तिचं इंजिन उसाच्या रसवंतीला लागतं, नाहीतर विहिरीवर, किंवा वेल्डिंगच्या जनरेटरला. पाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातात. हौद्याचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला आणि चॅसी कुणाच्या तरी ओढ्यावरच्या साकवाला. जी गाडी अखंड राहिली ती मालकानं सतरा ठिकाणी बदलून, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचा गिअरबॉक्स, चौथ्याची सीट घालून चालती ठेवली म्हणून राहिली.

आणि इथं कायदा आडवा येतो. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. नियम चांगला आहे. हौशी मंडळी वर्षानुवर्षं तो मागत होती. पहिल्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला 5 हजार, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. अटी मात्र वाचाव्यात. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, दुचाकी किंवा चारचाकी हवी, मूळ रूपात हवी, मोठी उलथापालथ झालेली नको, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. तीन चाकी हान्सेआटला ह्यात बसायला जागाच नाही. जिनं धंद्याशिवाय एक दिवस काढला नाही त्या मॅटाडोरनं मूळ रूप कुठून आणायचं? फ्रान्सचे 30 आणि आपले 50, ह्या मधल्या 20 वर्षांतच आमच्या गाड्यांची भंगारात वासलात लागते. राजेरजवाड्यांच्या गाडीला गॅरेज असतं, ती वाट बघू शकते.

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदलेली, टॅक्सीची कमाल मर्यादा 20 वर्षं, दिवस भरले. वर्तमानपत्रांत रकाने भरून आले, एखादी तरी जपून ठेवा अशी मागणी झाली. योग्यच होती. मराठवाड्याच्या काळ्या-पिवळ्यांना मात्र कुणी निरोप दिला नाही. सहा-सात आसनी मॅजिक आल्या, बोलेरो आल्या, तांड्यावरच्या पोरांकडे हप्त्यावर मोटरसायकली आल्या. स्टँडवरच्या जीपा एकेक करून कमी होत गेल्या. एके दिवशी लक्षात आलं की सकाळचा तो पांढरा धूर दिसत नाही.

माहूरला ह्या जीपांची गरज का पडली, तेही सांगायला हवं. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ, दत्तप्रभूंचं शिखर, अनसूयेचं शिखर, सोनापीरचा दर्गा, पांडवलेणी, किल्ला. एवढं सगळं डोंगरांवर विखुरलेलं. गावापासून रेणुकेचा गड अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर, पुढे दत्तशिखर, त्याच्याही पुढे अनसूया, आणि सगळा रस्ता वळणांचा. नवरात्रात एसटीच्या फेऱ्यांवर फेऱ्या चालतात, गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्या खालीच अडवतात. पण यात्रा म्हणजे वर्षातले थोडे दिवस. उरलेल्या काळात नांदेड, यवतमाळ आणि तेलंगणातलं आदिलाबाद ह्यांच्या बेचक्यातल्या ह्या मुलखात गोंड, कोलाम, आंध लोकांची पाडे-गावं आणि बंजाऱ्यांचे तांडे एकमेकांपासून दूर दूर. एसटी दिवसातून एकदा, तीही ओढ्याला पाणी नसेल तर. आठवडी बाजाराला, बाळंतिणीला, कोर्टाच्या तारखेला जीपच. नॉर्मंडीत दुकान गावाकडे येई, इथं गावच जीपमध्ये बसून दुकानाकडे जाई. चढावर पुजो इंजिनाचा एक गुण उपयोगी पडे. डिझेल सरळ सिलिंडरात न फवारता आधी शेजारच्या छोट्या कोठडीत पेटतं, मग ज्वाळा मुख्य सिलिंडरात येते, त्यामुळे धक्का सौम्य बसतो आणि इंजिन दबलं तरी ठोकत नाही. उलट बाजू अशी की थंडीत ती कोठडी आधी तापवावी लागते. म्हणून हीटर, म्हणून तार, म्हणून बिडी.

मॅटाडोरला जे जमलं नाही ते जीपला मात्र थोडंसं जमू लागलंय. पुण्या-मुंबईतली, नाशिकची हौशी पोरं महिंद्राची एमएम 540 शोधत हिंडतात. 1985 च्या सुमारास आलेली ही आखूड जीप खाजगी वापराची म्हणून नोंदलेली असे, त्यामुळे कागदाची भानगड कमी. पावसाळ्यात चिखलात घालायची, सह्याद्रीत चढवायची, शनिवारी उघडायची, रविवारी जोडायची. ह्यांच्यातल्या जाणत्यांना पुजोच इंजिन हवं असतं, आवाजासाठी आणि मऊपणासाठी. सुटे भाग मिळवायला ते परभणी-नांदेडच्या भंगार बाजारांना फोन लावतात. कमांडर कुणालाच नको असते. लांबलचक अंग, धंद्याची पिवळी पाटी, मागे दोन बाक. तिला विकत घेतात ते आतलं इंजिन उपसून 540 मध्ये घालण्यापुरतं. वडाप आणि काळी-पिवळीचा सगळा इतिहास जिच्या बाकांवर बसून घडला तिचा असा रक्तदाता झाला, ह्याचं त्या पोरांना काही वाटत नाही, आणि त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. निदान इंजिन चालू राहतंय.

नांदेडच्या एका गॅरेजात, जिथं अजून अशी इंजिनं उघडली जातात, तिथले वयस्कर मिस्त्री ह्या गिऱ्हाइकांवर खूश आहेत आणि थोडे चक्रावलेलेही. "आधीचे लोक यायचे तर म्हणायचे, मिस्त्री, आज संध्याकाळपर्यंत गाडी द्या, उद्या बाजार हाय. हे येतेत अन् म्हणतेत, घाई नाही, सहा महिने लागू द्या. नटाला नट जुना पाहिजे म्हणतेत. नवा बसवला तर रुसतेत." हौस आणि धंदा ह्यांच्यातला फरक ह्याहून थोडक्यात कुणी सांगितलेला मी ऐकला नाही. दरही त्यांनी त्याप्रमाणे वेगळे ठेवले आहेत, हे सांगताना ते लाजले नाहीत.

पुजो इंजिनाची जुनी जीप घ्यायची कुणाच्या मनात असेल तर काय बघावं, असं विचारल्यावर त्यांनी हात पुसले आणि क्रमानं सांगितलं. गाडी बघायला भल्या सकाळी जायचं, आणि विकणाऱ्याला आधी चालू करून ठेवू द्यायची नाही. बॉनेटला हात लावून बघायचा, गरम लागलं तर समजायचं काहीतरी झाकायलाय. हीटर देऊन दुसऱ्या चावीत चालू झाली पाहिजे. पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर ठीक. निळा येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे लाइनर-पिस्टनचा खर्च. रेडिएटरचं टोपण थंड असतानाच काढायचं आणि इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येतात का बघायचं. आले तर गॅस्केट गेलेलं, आणि नुसतं गॅस्केट की हेडच वाकलं, ते उघडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ऑइल भरायचं टोपण उघडून वाफ किती फेकतं ते बघायचं. खाली वाकून चॅसीला वेल्डिंगचे जोड किती ते मोजायचे. पत्रा कितीही सडला असू दे, तो नवा करता येतो. "अन् चॅसी नंबर," मिस्त्री म्हणाले, "घासून बघायचा. बोटानं नाही, डिझेलच्या बोळ्यानं. आरसीवरचा अन् हा एक निघाला, पर्यावरण कराची पावती असली, तरच इसाराचे पैसे द्यायचे. नाहीतर च्या पिऊन माघारी यायचं."